रविवारी दहा ते पाच

शिगवणांचा तुषार म्हणाला,
ताई, एकेक गिऱ्हाईक आणून घर खपत नाही हो.
एक दिवस ठरवू, दार सताड उघडं ठेवू,
पुण्याकडे आता असंच करतात.
आणि गेटाला बॅनर बांधून गेला:
घर पाहा, रविवारी दहा ते पाच,
समुद्र चालत सहा मिनिटं.

सहा नव्हेत, नऊ. ओहोटीला वाळूतून आणखी दोन.
गुहागर डेपोच्या खिडकीत एकोणतीस वर्षं बसले मी,
चुकीची सांगितलेली वेळ मला सोसत नाही.

शनिवारी त्याचा फोन:
सुकी मासळी डब्यात, डबा शेजारी.
देवांचे फोटो थोडे कमी करा.
तुमचेही.
ग्रिलचा गंज मी ऑइलपेंटने झाकला.
खारा वारा तो, महिनाभर फसेल फार तर.

दहाला कोणी नाही.
साडेदहाला रेहाना होडेकर, मागच्या आळीतली.
"घ्यायचं नाही गो, बघायचं होतं.
सतरा वर्षं कुंपणावरूनच बोलतोय आपण."
मग बँकेतले जांभारकर, सुनेला घेऊन.
मग पोस्टमन, रविवार असून.
म्हणाला, एवढी पत्रं टाकली पेटीत,
आत काय असतं ते कधी
आणि वाक्य तिथेच सोडून पाय पुसू लागला.

दुपारपर्यंत एकतीस माणसं मोजली.
कोकम सरबताची कळशी संपली.
कुणी मोरीतला नळ सोडून पाहिला,
कुणी माझ्या खाटेवर बसून.
जांभारकरांच्या सुनेने हळूच विचारलं,
एकटीने बांधलंत? सगळं?
स्लॅबच्या दिवशी बावन्न पानं उठली, मी म्हटलं,
आणि वाढायला मी एकटी नव्हते.

तीन वाजता खरी गिऱ्हाइकं, पांढऱ्या गाडीतून.
त्याने भिंत बोटाने वाजवून पाहिली,
फणस पाहावा तशी.
तिने स्वयंपाकघर मनातल्या मनात पाडलं.
विहिरीला पाणी कसं आहे?
तुषारच्या डोळ्यांत मोठ्या अक्षरांत 'गोड' लिहिलेलं.
मे महिन्यात वीस दिवस मचूळ होतं, मी म्हटलं.
डाळ शिजत नाही.
त्यांनी नंबर घेतला. नंबर घेऊन जाणारे
कधी फोन करत नाहीत,
जसे परतीची गाडी विचारणारे
तिकीट काढत नाहीत.

पाचला तुषार बॅनरच्या सुतळीशी झटत होता.
गाठ खाऱ्या हवेने घट्ट झालेली.
विचारलं, खरं सांग, होतो का रे फायदा याचा?
तो सुतळी दाताने तोडत म्हणाला,
घराला कमीच, ताई.
मला होतो. आज आलेल्यांपैकी दोघांनी
आपापलं घर विकायचंय म्हणून कार्ड नेलं.
मला राग यायला हवा होता.
मी त्याला उरलेली आंबोळी वाढली.

बुधवारी रेहाना आली, या वेळी गेटातून.
तिचा भाचा कुवेतला असतो, अन्वर.
त्याला तिने सगळं सांगितलेलं:
मोरीचा उतार, माळ्याची उंची,
मे महिन्यातली डाळसुद्धा.
घर तिने पाहिलंय ना, मग आपण पाहिल्यासारखंच, असं तो म्हणतो.
फक्त एक अट. समुद्र ऐकू यायला हवा.

तिने फोन मागच्या खिडकीत धरला.
येतोय का? नाही, तो म्हणाला.
तिकडे कसलीशी घरघर.
एसी बंद कर रे आधी, ती ओरडली.
त्याने केला. मग माझ्या लक्षात आलं
आणि मीही आमचा पंखा बंद केला.

भावाचं अजून काहीच बोललो नव्हतो.
तिघंही गप्प,
दोघी इथे घामाघूम,
तो तिकडे, बहुधा डोळे मिटून.